आकाशांत राहिलेलीं नांवें

गेल्या वर्षीं एका शाळेंत सामान्य ज्ञानाच्या प्रश्नोत्तरांची चढाओढ होती व तींत परीक्षकांच्या पंक्तीस बसण्याचा मान आम्हांस मिळाला होता. प्रश्न नेहमींच्याच ठशाचे होते. अमक्या देशाचा पहिला अध्यक्ष कोण, तमक्या चित्रपटांतील कुत्र्याचें नांव काय, कोणत्या ग्रहाचा शोध कोणत्या सालीं लागला. राज्यकर्ते, नट आणि तारे यांची एकच मिसळ. त्यांत असा एक प्रश्न आला कीं, सूर्यापासून सातवा ग्रह कोणता? सातवींतील एका मुलीनें क्षणाचाही विलंब न लावतां उत्तर दिलें, "हर्षल." प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या हातांतील कागदावर "युरेनस" असें लिहिलेलें होतें. त्यांनीं एकदां कागदाकडे पाहिलें, एकदां मुलीकडे पाहिलें, आणि उत्तर चूक म्हणून जाहीर केलें. प्रश्न दुसऱ्या संघाकडे गेला, त्यानें कागदावरचें उत्तर दिलें, आणि शेवटीं दोनच गुणांच्या फरकानें त्या मुलीचा संघ मागें पडला. आम्ही शेजारींच बसलों होतों. तिचें उत्तर बरोबर आहे हें आम्हांस ठाऊक होतें. पण पुढचा प्रश्न येऊन ठेपला होता, यजमानांचा अवमान होईल अशी भीति वाटली, आणि आम्हीं तोंड उघडलें नाहीं.

समारंभ आटोपल्यावर आम्हीं तिला गांठून हें नांव कोठें वाचलेंस म्हणून विचारलें. "आजोबांच्या पंचांगांत असतं, सर. 'ह' म्हणजे हर्षल," ती म्हणाली, आणि जणूं आपणच कांहीं अपराध केला अशा चेहऱ्यानें निघून गेली. त्या वेळच्या आमच्या मौनाची थोडीबहुत भरपाई म्हणून हा लेख लिहीत आहों असें वाचकांनीं समजावें. कारण त्या कागदावर जें एका शब्दाचें उत्तर होतें, त्या एका शब्दासाठीं यूरोपांतील विद्वान जवळजवळ सत्तर वर्षें भांडत होते, आणि त्या भांडणांत हरलेला एक पक्ष आमच्या महाराष्ट्रांत अद्याप जिवंत आहे.

आकाशांतील पदार्थास राजाचें नांव देण्याची युक्ति जुनी आहे. पण दुर्बिणीच्या काळांत तिला जो बहर आला त्याचा आरंभ गॅलिलिओपासून धरावा लागतो. १६१० सालच्या जानेवारीच्या ७ तारखेस पादुआ येथें गुरूकडे दुर्बीण लावून पाहत असतां त्यास ग्रहाच्या अगदीं लगत तीन बारीक तारे एका रेषेंत दिसले. आठवड्याच्या आंत चौथा दिसला. हे तारे गुरूभोंवतीं फिरतात हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि पृथ्वी हाच एकटा भ्रमणाचा मध्य या मतास तडा गेला. एवढा मोठा शोध हातीं आल्यावर गॅलिलिओनें जो पहिला व्यावहारिक विचार केला तो नोकरीचा होता. टस्कनीचा तरुण ग्रँड ड्यूक कॉसिमो मेडिची हा त्याचा एकेकाळचा शिष्य. त्याच्या नांवावरून या ताऱ्यांना "कॉस्मिक तारे" म्हणावें असें त्यानें मनांत धरलें. ड्यूकच्या चिटणिसानें कळविलें कीं, "मेडिची तारे" म्हणाल तर अधिक बरें. हें उत्तर येईपर्यंत पुस्तकाचें पहिलें पान छापून झालें होतें. मग जुन्या शब्दावर नव्या शब्दाची चिठ्ठी डकवून प्रती बाहेर काढाव्या लागल्या. तारे चार, आणि मेडिची बंधूही चारच; राजसेवेची याहून सोयीची संधि ज्योतिष्यास पुन्हां क्वचितच आली असेल. त्या वर्षाच्या आंतच गॅलिलिओ ग्रँड ड्यूकचा मुख्य गणिती व तत्त्ववेत्ता म्हणून १००० स्कुडी वेतनावर फ्लॉरेन्सला गेला.

ही बातमी फुटल्यावर फ्रान्सच्या दरबारांतूनही त्यास पत्र आलें कीं, यापुढें एखादा तेजस्वी तारा सांपडलाच तर त्यास आमच्या चौथ्या हेन्री राजाचें नांव द्यावें. पत्र एप्रिलांतलें. १४ मे रोजीं हेन्रीचा भर रस्त्यांत खून झाला.

मेडिची ताऱ्यांचें पुढें काय झालें? १६१४ सालीं सायमन मारियुस नांवाच्या जर्मन ज्योतिष्यानें, केप्लरच्या सूचनेवरून, या चौघांस आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो अशीं नांवें सुचविलीं. हीं सारीं जुपिटर देवाच्या चोरट्या प्रेमपात्रांचीं नांवें. गॅलिलिओचें व मारियुसचें हाडवैर. त्यामुळें तीं नांवें कित्येक पिढ्या पडून राहिलीं व ज्योतिषी एक, दोन, तीन, चार असे आंकडे घालूनच काम चालवीत राहिले. पण अखेरीस जिंकलें तें मारियुसनेंच. आज कॉसिमो, फ्रान्सेस्को, कार्लो आणि लॉरेन्झो हे चार बंधु कोणत्याही आकाशाच्या नकाशावर नाहींत, आणि देवाचीं चार लफडीं मात्र शाळेंतील मुलांस तोंडपाठ आहेत!

मेडिचींचा कित्ता पुढें पुष्कळांनीं गिरविला. कॅसिनीनें शनीचे जे चार उपग्रह शोधले त्यांस १६८४ पासून चौदाव्या लुईचे तारे म्हणण्याची चाल पाडली. ती चालली नाहीं. हॅलेनें तरुणपणीं सेंट हेलिना बेटावरून दक्षिण आकाशाचा नकाशा केला आणि त्यांत "चार्ल्सचा ओक" म्हणून एक तारकासमूह घुसडला. वूस्टरच्या लढाईनंतर दुसरा चार्ल्स ज्या ओकवृक्षांत लपून बसला होता त्याची ही आठवण. पुढें लाकायनें तो वृक्ष मुळासकट उपटून टाकला. पालेर्मो येथें १ जानेवारी १८०१ रोजीं पियात्सीस पहिला लघुग्रह सांपडला. त्यास त्यानें सिरीस देवीच्या नांवापुढें आपल्या फर्डिनंड राजाचें शेपूट जोडलें. देवी राहिली, शेपूट गळलें. व्हिएन्नाच्या वेढ्यांत तुर्कांचा पराभव करणाऱ्या पोलंडच्या सोबिएस्की राजाच्या सन्मानार्थ हेवेलियसनें "सोबिएस्कीची ढाल" असा तारकासमूह कल्पिला होता. तो अद्याप आहे. पण नुसती ढाल आहे, सोबिएस्की नाहीं. खरा अपवाद एकच म्हणतां येईल, तो इजिप्तच्या बेरेनीके राणीच्या केसांचा. नवरा युद्धाहून सुखरूप परत यावा म्हणून तिनें केस कापून देवळांत वाहिले, ते नाहींसे झाले, आणि दरबारच्या ज्योतिष्यानें ते आकाशांत दाखवून दिले, अशी कथा आहे. हे केस यूरोपच्या नकाशांत बावीसशें वर्षें टिकले. आम्हीं मराठींत तेही त्या राणीकडून काढून घेऊन अरुंधतीस देऊन टाकले, आणि "अरुंधतीकेश" असें नांव ठेवलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विल्यम हर्शेल हा जन्मानें हॅनोव्हरचा. बाप पलटणींतील वाजंत्री, मुलगाही त्याच पलटणींत ओबो वाजवीत असे. १७५७ सालीं तो इंग्लंडांत आला व गाणें शिकवून, स्वररचना करून, बाथ या गांवीं प्रार्थनामंदिरांत ऑर्गन वाजवून पोट भरूं लागला. संगीताच्या गणितावरून त्यास दृक्‌शास्त्राची गोडी लागली, आणि दुर्बिणी विकत घेणें परवडेना म्हणून त्यानें आरसे घरींच ओतून घासण्यास प्रारंभ केला. सबंध घराचा कारखाना झाला. बहीण कॅरोलाइन हिनें लिहून ठेवलें आहे कीं, एकदां एक आरसा घासतांना त्यास सोळा तास हात काढतां आला नाहीं, आणि तिनें त्याच्या तोंडांत घास भरवून त्यास जगविलें. दिवसा शिकवण्या, संध्याकाळीं जलसे, रात्रीं तारे! एखाद्या व्यवसायी ज्योतिष्यानें असें आयुष्य काढलें असतें तर आम्हांस त्याचें नवल वाटलें नसतें. हा मनुष्य वयाच्या चाळिशीपर्यंत विद्वत्समाजास ठाऊकही नव्हता.

१७८१ च्या मार्चची १३ तारीख. बाथच्या न्यू किंग स्ट्रीटवरील आपल्या घराच्या बागेंतून सात फूट लांबीच्या दुर्बिणीनें मिथुन राशीच्या बाजूस पाहत असतां त्यास एक तारा दिसला. पण तो ताऱ्यासारखा बिंदुमात्र नव्हता, त्यास किंचित् तबकडी होती. चार दिवसांनीं पाहतां तो हललेला दिसला. हर्शेलनें त्यास धूमकेतु ठरविलें व तसेंच रॉयल सोसायटीस कळविलें. तो धूमकेतु नसून शनीच्या पलीकडून जवळजवळ वर्तुळ कक्षेंत फिरणारा ग्रह आहे हें सेंट पीटर्सबर्गच्या लेक्सेलनें व इतरांनीं गणितानें दाखविलें. ज्या प्राचीन काळापासून माणसें आकाश पाहत आहेत त्या काळापासून ग्रहांची संख्या वाढलेली नव्हती. ती प्रथम एका वाजंत्र्यानें वाढविली.

याच वेळीं इकडे आमच्या मुलखांत काय चाललें होतें हें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. त्या मार्चांत जनरल गॉडर्डची इंग्रजी फौज बोरघाटाशीं मराठ्यांनीं अडवून धरली होती, आणि एप्रिलांत तिला बरेंच नुकसान सोसून पनवेलीकडे माघार घ्यावी लागली. ऑक्टोबरांत तर यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसनें शस्त्रें खालीं ठेवलीं व अमेरिका हातची गेली. तिसऱ्या जॉर्ज राजाला ते वर्ष असें जमिनीवर फार वाईट गेलें. आकाशांत मात्र त्यास एक ग्रह मिळणार होता.

मिळविणें अर्थातच फुकटचें नव्हतें. हर्शेल हा हॅनोव्हरचा, आणि जॉर्ज हाही हॅनोव्हरच्या गादीचा धनी. रॉयल सोसायटीचा अध्यक्ष बँक्स यानें मध्यस्थी केली. हर्शेलला वर्षास २०० पौंड मिळूं लागले, गाण्याच्या शिकवण्या सुटल्या, आणि त्यानें नव्या ग्रहास "जॉर्जचा तारा" असें नांव दिलें. या नांवाच्या समर्थनार्थ बँक्सला लिहिलेल्या पत्रांत त्यानें जी कारणें दिलीं त्यांतील एक आमच्या विषयास इतकें लागू आहे कीं, त्याचा आशय येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, पूर्वींच्या ग्रहांस देवांचीं नांवें दिलीं तीं त्या पुराणकाळास शोभलीं; आजच्या विचारी युगांत तसें करणें बरोबर नव्हे. पुढें कोणी विचारलें कीं हा ग्रह केव्हां सांपडला, तर तिसऱ्या जॉर्जच्या कारकीर्दींत, हें उत्तर नांवांतच मिळावें! म्हणजे सामान्य ज्ञानाचा प्रश्न व त्याचें उत्तर हीं दोन्हीं त्यानें एका नांवांत बांधून ठेवण्याचा बेत केला होता. पेन्शनीचा भाग वजा केला तरी ही कल्पना अगदींच टाकाऊ नाहीं असें आमचें मत आहे. नांव म्हणजे तारीख, ही समजूत इतिहासकारास गोड वाटणारीच आहे.

इंग्लिश खाडीपलीकडे मात्र ती कोणास गोड वाटली नाहीं. फ्रान्सच्या लालांदनें म्हटलें, राजानें काय केलें? ज्यानें पाहिला त्याचें नांव ग्रहास द्या. आणि तो त्यास "हर्शेल" म्हणूं लागला. बर्लिनच्या बोडेनें म्हटलें, गुरूचा बाप शनि, तर शनीच्या पलीकडे शनीचा बाप युरेनस असणें क्रमप्राप्त आहे. अशा रीतीनें तीन पक्ष झाले: राजाचा, शोधकाचा आणि देवाचा. बोडेनें आणखी एक गोष्ट केली. त्यानें जुनीं टिपणें चाळून दाखविलें कीं, इंग्लंडच्याच फ्लॅमस्टीडनें १६९० सालीं हा ग्रह पाहून वृषभ राशींतील एक तारा म्हणून त्याची नोंद केली होती. तेव्हां "केव्हां सांपडला" याचेंही उत्तर वाटतें तितकें सोपें राहिलें नाहीं. १७८९ सालीं बर्लिनच्याच क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञास एक नवें मूलद्रव्य सांपडलें. बोडेच्या पक्षास हातभार म्हणून त्यानें त्यास युरेनियम असें नांव दिलें. पुढें १९४५ सालीं तें नांव जगानें कोणत्या अर्थानें ऐकलें तें सांगावयास नको.

हर्शेल स्वतः मरेपर्यंत आपल्या ग्रहास युरेनस म्हणाला नाहीं. १८२२ च्या ऑगस्टांत, चौऱ्याऐशीं वर्षें पुरीं होण्यास थोडे महिने असतां तो वारला. आणि त्याच्या ग्रहास सूर्याभोंवतीं एक फेरी करण्यास लागणारीं वर्षेंही चौऱ्याऐशींच. इंग्रजी नाविक पंचांगांत तर राजाचें नांव १८५० पर्यंत टिकून होतें. जगांतील दुसरें कोणी तें वापरीत नसतांही सरकारी दप्तरांत एक चूक सत्तर वर्षें कशी नांदूं शकते याचें हें चांगलें उदाहरण आहे. गंमत अशी कीं, ग्रहाचें नांव गेलें तरी त्याच्या उपग्रहांच्या बाबतींत देवांचाही पराभव झाला. हर्शेलच्या मुलानें, जॉननें, १८५२ सालीं त्या उपग्रहांस टायटेनिया, ओबेरॉन, एरियल व अंब्रिएल अशीं नांवें दिलीं, आणि तीं ग्रीक पुराणांतून न घेतां शेक्सपिअरच्या नाटकांतून व पोपच्या काव्यांतून घेतलीं. बापानें राजाचें नांव दिलें तें बुडालें; मुलानें रंगभूमीवरून नांवें उचललीं तीं तरलीं.

नेपच्यूनच्या वेळीं हाच तमाशा थोडक्यांत पुन्हां झाला. लव्हेरिएच्या गणितावरून २३ सप्टेंबर १८४६ रोजीं बर्लिन येथें गाल्लेस तो सांपडला. लव्हेरिएनें आधीं नेपच्यून हेंच नांव सुचविलें, मग त्यास स्वतःच्या नांवाचा मोह पडला. त्याचा मित्र आरागो यानें जाहीर केलें कीं, मी या ग्रहास लव्हेरिएच म्हणणार. आणि त्यास जोड हवी म्हणून फ्रेंचांनीं युरेनसलाही पुन्हां "हर्शेल" म्हणण्यास आरंभ केला! परंतु वर्ष सरण्यापूर्वींच रशियाच्या श्ट्रूव्हनें नेपच्यूनच्या बाजूनें कौल दिला व प्रकरण मिटलें.

यूरोपांत शोधकाचा पक्ष अशा रीतीनें संपला. पण इंग्रजी अमदानींत हे नवे ग्रह मराठी पुस्तकांत व पंचांगांत आले तेव्हां आमच्या लोकांनीं जो निवड केली ती पाहण्यासारखी आहे. राजाचें नांव त्यांनीं घेतलेंच नाहीं. आमच्यावर राज्य इंग्रजांचें असतांना घेतलें नाहीं. भारतीय देवतांचींही नांवें पुढें आलीं. युरेनसला प्रजापति व नेपच्यूनला वरुण असें पुष्कळांनीं म्हणून पाहिलें, आणि तीं नांवें कोशांत अजून आहेत. परंतु पंचांगाच्या कुंडलींत बसला तो हर्षल. "हर्शेल" या जर्मन आडनांवांतील तालव्य श गेला, त्या जागीं मूर्धन्य ष आला, आणि शब्द इतका संस्कृत दिसूं लागला कीं तो "हर्ष" या शब्दाचा सख्खा भाऊ आहे असें कोणासही वाटावें. आज मराठी घरांत मुलांचें नांव हर्षल ठेवतात. त्यांतील कित्येक आईबापांस हें हॅनोव्हरच्या एका वाजंत्र्याचें आडनांवही आहे याची कल्पना नसेल. लालांदला जें पॅरिसमध्यें साधलें नाहीं तें पुण्यामुंबईच्या पंचांगकर्त्यांनीं सहज साधलें, आणि हजेरीपटांतही नेऊन पोंचविलें. हिंदी पाठ्यपुस्तकांत याच ग्रहास अरुण म्हणतात. अरुण हें नांव सुंदर आहे. पण त्यांत बाथमधील त्या बागेची कांहीं आठवण नाहीं.

महाराष्ट्राचा या ग्रहनामांशीं आणखी एक संबंध आहे, आणि तो याहून कमी ठाऊक आहे. केतकी पंचांगाचे कर्ते व्यंकटेश बापूजी केतकर हे पेशानें शिक्षक. गुरूच्या चार उपग्रहांपैकीं तिघांच्या गतींत लाप्लासला जो एक मेळ आढळला होता, तोच मेळ दूरच्या ग्रहांस लावून त्यांनीं नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावे असें गणित केलें, आणि तें १९११ सालीं फ्रेंच ज्योतिषसंस्थेच्या पत्रांत प्रसिद्ध झालें. त्या ग्रहांस त्यांनीं ब्रह्मा व विष्णु अशीं नांवेंही देऊन ठेवलीं. ब्रह्माचें सूर्यापासून अंतर पृथ्वीच्या अंतराच्या सुमारें ३९ पट, व प्रदक्षिणाकाल सुमारें २४२ वर्षें असें त्यांचें उत्तर होतें. १९३० सालीं जो पदार्थ सांपडला त्याचें सरासरी अंतर ३९॥ पट व काल २४८ वर्षें निघाला. हा केवळ योगायोग होता असेंच आज म्हणावें लागतें. पण मग अमेरिकेंतील धनिक ज्योतिषी पर्सिव्हल लॉवेल याचें भाकितही योगायोगच होतें. कारण १९७८ सालीं प्लुटोचा उपग्रह सांपडून त्याचें वजन काढतां आलें तेव्हां तें इतकें क्षुल्लक ठरलें कीं, लॉवेलनें ज्या ओढीवरून गणित केलें ती ओढ त्यास पेलणेंच शक्य नव्हतें. लॉवेलच्या नांवाचीं दोन आद्याक्षरें प्लुटोच्या चिन्हांत कायमचीं बसलीं. केतकरांचा ब्रह्मा मात्र कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत नाहीं. केतकर त्याच १९३० सालीं वारले.

प्लुटो सांपडला तो १८ फेब्रुवारीस, ॲरिझोनांतील लॉवेल वेधशाळेंत. शोधक क्लाइड टॉम्बॉ हा कॅन्सासमधील एका शेतकऱ्याचा चोवीस वर्षांचा मुलगा. शोधाची घोषणा मुद्दाम १३ मार्चला केली. कारण तो लॉवेलचा जन्मदिवस, आणि हर्शेलच्या शोधाचाही वार्षिक दिवस. लॉवेलच्या विधवेनें आधीं झ्यूस, मग नवऱ्याचें व शेवटीं स्वतःचेंच नांव पुढें केलें. इतक्यांत ऑक्सफर्डमध्यें व्हेनिशिया बर्नी नांवाची अकरा वर्षांची मुलगी न्याहारीच्या वेळीं आजोबांकडून ही बातमी ऐकून म्हणाली कीं, प्लुटो कां म्हणूं नये? आजोबा बोडलियन ग्रंथालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांनीं ती सूचना ज्योतिषी टर्नर यांस कळविली, टर्नरांनीं अमेरिकेस तार केली, आणि १ मे रोजीं तें नांव जाहीर झालें. याच घराण्यांतील एका वडीलधाऱ्यानें मंगळाच्या उपग्रहांस फोबॉस व डायमॉस हीं नांवें सुचविलीं होतीं, हाही एक योगच. त्या मुलीला आजोबांनीं बक्षीस म्हणून पांच पौंडांची नोट दिली. ऑक्सफर्डच्या मुलीनें ग्रहाचें नांव आजोबांस सांगितलें तर तिला पांच पौंड मिळाले. आमच्या मुलीनें आजोबांकडून शिकलेलें नांव सांगितलें तर तिचे दोन गुण गेले!

डिस्नेच्या कुत्र्यासही हेंच नांव १९३१ सालच्या चित्रपटांत मिळालें. त्यापूर्वीं तो एकदां निनांवी, व एकदां रोव्हर म्हणून पडद्यावर येऊन गेला होता. तेव्हां ग्रह आधीं कीं कुत्रा आधीं, असा वाद मुलांत निघालाच तर निकाल ग्रहाच्या बाजूनें द्यावा. पुढें २४ ऑगस्ट २००६ रोजीं प्राग येथें आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघानें प्लुटोस ग्रहांच्या पंक्तींतून उठवून बटुग्रहांत बसविलें. कुत्र्याची पदवी कायम आहे.

आतां नांवें ठेवण्याचा अधिकार याच संघाकडे आहे, आणि त्याचा एक नियम आमच्या कथेचा निकालच म्हणतां येईल: राजकारणामुळें किंवा युद्धामुळें प्रसिद्धीस आलेल्या माणसाचें नांव लघुग्रहास द्यावयाचें तर त्याच्या मृत्यूस शंभर वर्षें झालीं पाहिजेत. मेडिची, लुई, जॉर्ज या साऱ्यांच्या अनुभवावरून आलेलें हें शहाणपण. नियमापूर्वींचे अपवाद आहेत, आणि त्यांतील एक आम्हांस फार आवडतो. व्हिएन्नाचा योहान पालिसा यानें १८८५ सालीं ग्रहणाच्या प्रवासास पैसे हवे म्हणून एका लघुग्रहाच्या नांवाचा हक्क ५० पौंडांस विकावयास काढला. तो एका बॅरननें घेतला व ग्रहास पत्नीचें नांव दिलें. तोच पालिसा पुढें म्हातारा झाला, पहिलें महायुद्ध होऊन ऑस्ट्रिया धुळीस मिळाली, व्हिएन्नांत अन्नान्नदशा झाली. त्या १९२० सालीं त्यास जो लघुग्रह सांपडला त्याचें नांव "हूवेरिया" ठेवण्यांत आलें. हर्बर्ट हूवर तेव्हां राष्ट्राध्यक्ष नव्हता. भुकेल्या यूरोपास धान्य पोंचविण्याचें काम तो करीत होता. या वेळीं नांव पैशानें विकत घेतलेलें नव्हतें, आणि पेन्शनीसाठीं वाहिलेलेंही नव्हतें.

गायकवादकांना शंभर वर्षांची अट नाहीं. लॉवेल वेधशाळेच्याच अँडरसन मेसा येथील ठाण्यावर १९८३ व १९८४ सालीं सांपडलेल्या चार लघुग्रहांस ४१४७ पासून ४१५० पर्यंत ओळीनें लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन व स्टार अशीं नांवें मिळालीं. चार मेडिची बंधूंच्या जागीं लिव्हरपूलचे चार तरुण! प्लुटोच्या शॅरन नांवाच्या उपग्रहावरील विवरांस २०१८ सालीं नांवें दिलीं त्यांत जूल व्हर्नचा कप्तान निमो आहे, आणि तो मूळचा बुंदेलखंडाचा राजपुत्र आहे हें व्हर्नच्याच दुसऱ्या कादंबरींत उघड होतें. दुसरें एक विवर रेवतीचें आहे. बापाबरोबर ब्रह्मलोकीं जाऊन येईपर्यंत पृथ्वीवर युगें लोटलीं, अशी जिची कथा, तीच ही बलरामाची बायको. संघाच्या टिपणांत तिला महाभारतांतील मुख्य पात्र म्हटलें आहे. द्रौपदीनें हें वाचलें असतें तर काय म्हटलें असतें कोण जाणे. पण एवढ्या मोठ्या संघाच्या कागदावरही चूक असूं शकते, ही गोष्ट त्या प्रश्नोत्तरांच्या गृहस्थांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

२००६ सालीं, म्हणजे प्लुटो पंक्तींतून उठला त्याच वर्षीं सांपडलेल्या एका लघुग्रहास २०१९ मध्यें पंडित जसराज यांचें नांव देण्यांत आलें. त्याचा क्रमांक ३००१२८. तो दोन दोन आंकड्यांनीं उलट वाचला म्हणजे पंडितजींची जन्मतारीख निघते, २८ जानेवारी १९३०. ज्या दोन कांचा शेजारीं शेजारीं धरून टॉम्बॉनें प्लुटो ओळखला, त्या कांचा त्यानें त्याच महिन्याच्या २३ व २९ तारखेस टिपल्या होत्या.

त्या शाळेस आम्हीं पत्र लिहिलें आहे. पुढील चढाओढीच्या कागदावर "युरेनस" या शब्दाशेजारीं "किंवा हर्षल" एवढे दोन शब्द वाढवावे, आणि जमल्यास गेल्या वर्षींचे ते दोन गुण त्या मुलीच्या संघास जमा करावे, अशी विनंती केली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.